वेगळं ताट

पहाटे साडेचारला मी एकशे सात जणांची कणीक मळते.
गेल्या रविवारपासून एकशे सहा
आणि एक.

तो एक म्हणजे झकारियास विप्फ, डुकरखान्याचा कारभारी.
डाव्या हाताची तीन बोटं धान्याच्या मळसूत्रानं नेली,
गारपिटीतून गहू वाचला त्या साली.
नसलेली बोटं रात्री ठणकतात, म्हणायचा.
आम्ही हसायचो.

त्याच्या गमबुटात डबी सापडली.
परवान्याच्या दुकानातली, पावतीसकट.
फाटकाबाहेर सगळ्या मॅनिटोबात गांजा चालतो,
दूध-पावासारखी त्यावर पाटी लागते, भाव लागतो.
फाटकाच्या आत एक तिजोरी, एक चूल, एक घंटा,
आणि पाप झालं तर तेही सगळ्यांचं मिळून.

सभा पुरुषांची. आम्ही खिडकीखाली बटाटे सोलत होतो.
हात वर होतात तेव्हा काळ्या कोटांच्या बाह्या घासतात,
त्या आवाजावरून मी मोजते.
एकही बाही खाली राहिली नाही.

दोन आठवडे वाळीत.
प्रार्थनेला दाराशी, पोरांच्याही मागे.
कुणी हात मिळवायचा नाही.
डोरोथिआनं लेकीकडे निजायचं.
जेवण एकट्यानं, दुधाच्या खोलीत,
जिथं थंड करायचं यंत्र दिवसभर गुरगुरतं.

आमचे उपदेशक योनास, पाठदुखीवर गोळ्या घेतात.
पांढऱ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या.
स्तोत्राच्या तिसऱ्या कडव्याला त्यांची हनुवटी छातीला टेकते
आणि आम्ही चौथं कडवं जरा मोठ्यानं म्हणतो.
रुबार्बची दारू तर आमच्याच तळघरात मुरते,
दर लग्नाला मीच गाळते.
हे मी कुणाला बोलले नाही. ताटं पुसत राहिले.

पण एक आठवतं, तेही सांगते.
माझ्या बहिणीचा आंद्रेआस, एकोणिसाचा,
वर्कशॉपमागून आला, डोळे लाल, ओठांवर हसू,
आणि ट्रॅक्टर मागे घेतला.
चाकामागे छोटी मॅग्डलेना मांजराला हाका मारत होती.
वीतभर.
ती वीत मी अजून झोपेत मोजते.
म्हणून कुणी म्हणालं, कुंपण कशाला,
तर माझी मान हलत नाही.
फक्त कुंपणाला डोळे असते तर
त्यानं आंद्रेआसची रात्र आणि झकारियासची रात्र
एकाच मापानं मोजली नसती.

सभेत त्याला विचारलं, आणखी कोण?
खिडकीखाली माझी सुरी बटाट्यात थांबली.
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, मी एकटाच.

खायच्या सोड्याच्या मागे
माझ्या फडताळात एक तपकिरी बाटली आहे.
नोव्हेंबरात त्यानंच दिली, कागदात गुंडाळून,
खिळे द्यावेत तशी.
तळघराचे बावीस जिने उतरायच्या आधी
मी गुडघ्यांना चोळते.
याकोब गेला त्या आठवड्यात
दोन थेंब जिभेखालीही ठेवले.
ते गुडघ्यांसाठी नव्हते.

दुपारी त्याचं ताट मीच नेते.
नियम असा, की ठेवायचं आणि वळायचं.
आज डुकराच्या मांसावर दोन गोळे जास्तीचे वाढले,
रस्सा काठोकाठ.
त्यानं वर पाहिलं नाही.
उरलेल्या अंगठ्यानं आणि करंगळीनं पाव धरला
आणि माझ्या बुटांकडे बघून म्हणाला,
"जिना जपून, युस्टिना. ओला आहे."

बोलायला बंदी होती.
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
त्या क्षणी मीच त्याला वाळीत टाकलं,
सभेनं टाकलं त्याहून पक्कं.

येत्या रविवारी शिक्षा संपेल.
सगळे त्याचा हात हातात घेतील, आधी पुरुष, मग आम्ही.
माझी पाळी येईपर्यंत
काय बोलायचं ते ठरवायला हवं, आणि कुणासमोर.

बाटलीत अजून बोटभर तेल आहे.